कुशनवालीनं छत उघडलं

गाडीच्या सीटचं जुनं कव्हर सोलून काढण्यात कुशनवालीच्या तोडीचं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. सीटच्या मागच्या तारेत आकडा अडकवायचा, गुडघा टेकवायचा आणि एका झटक्यात खालपासून वरपर्यंत फाडत न्यायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोराही धड ओवता येत नव्हता. सासऱ्यांनी शिकवलं. सासरे स्वतः कुशनचं काम करायचे. थोरल्या मुलाला त्यांनी फोम कापायला बसवलं, धाकट्याला गाड्यांचं वायरिंग शिकायला पाठवलं, आणि थोरल्या सुनेची बोटं कशी चालतात ते पाहून शिलाई मशीन तिच्या ताब्यात दिलं. "हिचं डोकं वाकडं आहे म्हणून शिवण सरळ येते," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

सासरे गेले आणि पत्र्याची शेड दोघा भावांची झाली. गाडी पुढून आत यायची. आधी धाकट्याकडे, म्हणजे कुशनवालीच्या दिराकडे, वायरिंगचं काम व्हायचं, मग मागे ढकलली की सीटांचं आणि छताच्या कापडाचं. दीर बोलण्यात पटाईत. त्याच्या हातातला वायरी तपासायचा मीटर टूं टूं वाजायचा आणि त्या आवाजावर गिऱ्हाईक मान डोलवायचं. कुशनवालीच्या सुईला आवाज नव्हता. तरी दोघांचं बरं चाललं होतं. ती त्याला भाऊजी म्हणायची, डब्यातली भाजी काढून द्यायची, त्याच्या शर्टाची बटणं कामाच्या दोऱ्यानं लावून द्यायची.

मग शाळेतल्या बाईंची गाडी आली.

बाई वरच्या वर्गांना भाषा शिकवायच्या. जुनी, छोटी गाडी होती. दारांना सेंट्रल लॉकिंग बसवायचं होतं आणि छताचं लोंबायला लागलेलं कापड बदलायचं होतं. दिरानं लॉकिंग बसवलं, कुशनवालीनं छत केलं. बाई भर दुपारी गाडी घेऊन गेल्या आणि घराच्या गॅरेजमध्ये लावून आत गेल्या. पहाटे हॉस्पिटलमधून फोन आला, वडिलांचं काही खरं नाही, निघा. बाई धावत गॅरेजमध्ये गेल्या. छतातला दिवा मेणबत्तीच्या वातीएवढा लाल होऊन विझायला आला होता. तो आदल्या दुपारपासून जळत होता. भर उन्हात कुणाच्या लक्षात येणार? बॅटरीही जुनी होती, पार उतरली. चावी फिरवली तर नुसतं टक. दुसरी गाडी मिळवून बाई पोचल्या तेव्हा वडिलांना जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

तेरा-चौदा दिवसांनी बाई शेडमध्ये आल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "दिवा का चालू राहिला?"

दिरानं गाडीत डोकं घातलं, छताकडे पाहिलं, बाहेर आला. "बाई, छताच्या कापडाला वहिनींनी गननं पिना मारल्यात. एखादी पिन वायरीत घुसली असणार. पत्र्याला लागली की दिवा बंदच होत नाही. आता त्या वायरीचं काही खरं नाही. मी दिवा कायमचा बंद करून ठेवतो, परत त्रास नको." आणि दिव्याचं बटण त्यानं बंदच्या बाजूला सरकवून ठेवलं.

सगळे कुशनवालीकडे पाहायला लागले. समोरचा पंक्चरवालाही हातातली ट्यूब तशीच धरून पाहत राहिला. ती मशीनवरून उठली. पिना तिनेच मारल्या होत्या, हे खरंच होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ती म्हणाली, "माझ्याच हातून झालं असेल, बाई. मला माफ करा."

बाई म्हणाल्या, "त्यांनी शेवटी मला हाक मारली होती, नर्सनं सांगितलं." आणि गाडी घेऊन निघून गेल्या.

नवरा फोम कापत होता. तो काहीच बोलला नाही. ती जिवंत असेपर्यंत हे विसरणार नव्हती.

पुढचे आठ महिने तिनं पिनांच्या गनला हात लावला नाही. छतं नुसती चिकटवून करायची. मग उन्हात ती सुटायची आणि गिऱ्हाइकं बोंब मारत परत यायची. दिरानं तेवढ्यात बरोबर डाव साधला. "वहिनींच्या कामाचा डाग माझ्या कामाला नको," असं सासूबाईंना पटवून त्यानं शेडच्या मधोमध पत्रा ठोकून घेतला. रस्त्याकडचा भाग त्याचा. मागचा, बोळाकडचा, हिचा. बोळ इतका अरुंद की मोठी गाडी आली तर आरसे मिटावे लागायचे. रस्त्यावर तिचं नाव पडलं 'दिवेवाली'. कुणी तोंडावर म्हणायचं, कुणी पाठीमागे. ती ऐकून घ्यायची, कारण आपण एका मुलीची बापाशी शेवटची भेट चुकवली असं तिला मनापासून वाटत होतं.

मग एक दिवस एक म्हातारे गृहस्थ सीट शिवून घ्यायला आले. जाता जाता म्हणाले, "छतातला दिवाही विझत नाही हो. पुढच्या दुकानातल्या इलेक्ट्रिशियननं सांगितलंय, छतातली वायर बदलावी लागेल, चार दिवस गाडी ठेवा."

सीट लावताना तिनं छताकडे पाहणंसुद्धा टाळलं. पण डॅशबोर्ड पुसताना मीटरच्या दिव्यांचा उजेड कमीजास्त करायची छोटी चकती तिच्या फडक्यात अडकली. चकती पार वरच्या टोकाला गेलेली होती. तिनं खाली ओढली. कट्ट आवाज झाला आणि दिवा विझला. परत वर सरकवली, लागला. खाली, विझला.

ती तशीच सीटवर बसून राहिली. चार दिवस गाडी ठेवा म्हणाला. छतातली वायर म्हणाला. यानं चकतीसुद्धा फिरवून पाहिली नाही. छताकडे नुसतं बघितलं आणि बोलून मोकळा झाला. मग बाईंच्या गाडीत तरी यानं काय पाहिलं होतं? डोकं घातलं होतं आणि बाहेर काढलं होतं. तिनं मनातल्या मनात मोजून पाहिलं. दहा आकडेसुद्धा झाले नसतील.

आठ महिने जे अपराधाचं ओझं होतं, त्याचा त्या दुपारी राग झाला. आणि राग तिला मानवला. रात्रीची झोप परत आली, जेवण जायला लागलं.

तिनं जुन्या बाजारातून एक मीटर आणला आणि एक फाटकं पुस्तक, ज्यात गाडीच्या वायरिंगची चित्रं होती. जी गाडी सीटांसाठी यायची तिचं एकेक दार उघडून ती पाहायची. दाराच्या चौकटीत एक बटण असतं, दार बंद झालं की दबतं आणि दिवा विझतो. ते गंजून आत अडकलं, किंवा त्याच्यावरचं रबर सुजलं, तर गाडीला वाटतं दार उघडंच आहे. तसंच बटण डिकीला असतं. डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या दिव्याला वेगळं. बटणाची वायर कुठेही सोलली आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, की दिवा जळतच राहतो. एवढीच गोष्ट होती. एवढ्याशा गोष्टीसाठी तिनं आठ महिने मान खाली घातली होती.

हळूहळू तशा गाड्या बोळात यायला लागल्या. ती आधी विचारायची, "याआधी कुणाला दाखवली होती?" दिराचं नाव निघालं की तिच्या चेहऱ्यावर असं काही हसू यायचं की गिऱ्हाईक बिचकायचं. मग ती पत्र्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "दाराचं बटण अडकलंय हो! नुसतं बटण! पाच मिनिटांचं काम!" पलीकडचा मीटर वाजायचा थांबायचा.

"किती दिवस चालवणार आहेस हे?" नवऱ्यानं एकदा विचारलं.

"तुम्ही जितके दिवस गप्प बसलात तितके दिवस, आणि वर थोडे," ती म्हणाली.

त्या वर्षभरात दोन गाड्या अशा आल्या की त्यांना दिरानं लॉकिंग बसवलं होतं आणि दोन्हींचे दिवे विझत नव्हते. दोन्हींत तिला एकच गोष्ट सापडली. लॉकिंगची वायर न्यायला दाराखालची, पाय ठेवतो तिथली प्लास्टिकची पट्टी उचलावी लागते. पट्टी परत बसवताना मूळचा आखूड स्क्रू हरवला की दीर डब्यातला लांब काळा स्क्रू ठोकून द्यायचा. स्क्रू पट्टीतून जायचा, खालच्या वायरीतून जायचा आणि पत्र्यात रुतायचा. दाराच्या बटणाची वायर तिथूनच जाते.

दुसऱ्या गाडीतला तो स्क्रू तिनं हातात घेतला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. नंतर हात धुतले, पदर नीट केला आणि सरळ बाईंचं घर गाठलं.

बाईंनी पहिल्यांदा फाटक उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, पण आत बोलावलं नाही.

"आता काय हवंय तुम्हाला?"

"तुमच्या गाडीचं छत उघडायचंय."

"त्यानं माझे वडील परत येणार आहेत का?"

"नाही," कुशनवाली म्हणाली. "पण माझा दीर खाली येईल."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोराकडे पाहावं तसं त्या तिच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "छतात तुमचीच पिन निघाली तर?"

"तर आयुष्यात परत सुई धरणार नाही. तुमच्यासमोर सांगते."

"गाडीला हात लावायचा नाही तोवर. उघडाल ते सगळ्यांसमोर."

"मलाही तेच हवंय," कुशनवाली म्हणाली. त्या क्षणी त्या दोघी एकमेकींना फार चांगल्या समजल्या.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी सकाळी दहा वाजता बाईंनी गाडी आणून दिराच्या दुकानाच्या बरोबर तोंडाशी उभी केली. आतली गाडी बाहेर निघेना, बाहेरची आत जाईना. कुशनवाली बोळातून वळसा घालून पुढे आली. पंक्चरवाला हातातलं काम टाकून आला. काचवाला आला, पेंटर आला.

"भाऊजी, जरा बाहेर या," ती म्हणाली. "मीटर घेऊन या. तुमचाच आणा, माझा नको. नंतर म्हणाल वहिनीचा मीटर खोटा."

दीर बाहेर आला, बाईंना पाहून त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, हे काय आता? जुनं कशाला उकरून काढताय?"

"उकरत नाही. उघडतेय."

तिनं चारही दारं, डिकी, सगळं बंद करून घेतलं, खिडकीतून हात घालून छतातल्या दिव्याचं बटण मधे, म्हणजे दार उघडलं तरच दिवा लागतो त्या जागी, सरकवलं. दिवा लागला. "बघा. दारं बंद आहेत आणि दिवा चालू. अजूनही तसाच. आता छतातली पिन शोधू."

कापडाची कड तिनं स्वतःच सोडवली. पण वर्षभर पाठ केलेलं सगळं तिच्या डोक्यातून पुसून गेलं. पिन निघाली तर? एकेक पिन ती उपटत गेली आणि कापड मागे दुमडत गेली. दिव्यापासून दोन बोटांवर एक पिन दिसली. दोनच बोटं. तिचा हात त्या दिवशी जरा इकडे झाला असता तर?

पण वायर धडधाकट होती. कारखान्यातून आली तेव्हाची चिकटपट्टी तिच्यावर तशीच होती, वर धुळीचा थर.

"भाऊजी, हात लावून बघा. कुठे टोचलीय?"

दिरानं आत वाकून पाहिलं. या वेळी त्याला बराच वेळ लागला. "इथं नाही दिसत," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला. मागच्यांना ऐकू येत नाही."

"इथं नाहीये!"

"आता ड्रायव्हरच्या दाराखालची पट्टी. तुम्हीच बसवली होतीत. तुम्हीच स्क्रू काढा." बाकीची दारं लावून तिनं ते एकच उघडं ठेवलं आणि गाडीला तेही बंद वाटावं म्हणून चौकटीतलं बटण बोटानं दाबून धरलं.

पहिला स्क्रू निघाला, आखूड. दुसरा आखूड. तिसऱ्याचं डोकं काळं होतं. दिरानं पेचकस लावला आणि थांबला. त्याला कळलं होतं. कुशनवालीनं ते त्याच्या मानेवरून ओळखलं, आणि तिच्या अंगातून असा काही आनंद सळसळत गेला की तिला स्वतःचीच जरा भीती वाटली.

"फिरवा की."

त्यानं फिरवला. तीन वेढे, चार वेढे. छतातला दिवा विझला.

"परत आत घाला."

"वहिनी, पुरे."

"घाला!"

स्क्रू आत गेला. दिवा लागला. तिनं तीनदा करायला लावलं. पंक्चरवाला मोजत होता.

"मी मुद्दाम नाही केलं," दीर शेवटी म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "मी पाहिलंच नव्हतं. आणि तुम्ही तरी कुठे पाहिलंत? तुम्हीच म्हणालात, माझ्या हातून झालं असेल. तुम्हीच कबूल केलंत म्हटल्यावर मी कशाला शोधत बसू?"

हे तिला अपेक्षित नव्हतं. थोबाडीत बसावी तसं झालं.

पण बाई पुढे झाल्या. पिशवीतून त्यांनी एक कोरा कागद काढला, पेन काढलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. "लिहून द्या."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

दिरानं बॉनेटवर वाकून लिहिलं. बाईंनी वाचलं. "'माझ्याकडून चूक झाली.' झाली म्हणजे? पाऊस पडला, दूध नासलं, तशी झाली? वाक्यात करणारा कुठंय? परत लिहा."

त्यानं परत लिहिलं. बाईंनी मागची बाजू उलटून दिली. "'न पाहता बोललो.' काय न पाहता? कुणाबद्दल? परत."

चौथ्यांदा लिहिलं तेव्हा रस्त्यावर कुणी हसत नव्हतं. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं: "या गाडीच्या दाराखाली मी चुकीचा स्क्रू लावला. त्यामुळे दिवा जळत राहिला. मी काहीही न तपासता माझ्या वहिनीवर आळ घेतला आणि तिचं दुकान मागे ढकललं." शेवटचा तुकडा बाईंनी सांगितला नव्हता. तो त्याचा त्यानंच लिहिला होता.

"बाई, तो कागद मला द्या," कुशनवाली म्हणाली. "मशीनच्या वर लावते."

"नाही." बाईंनी घडी घालून तो पिशवीत टाकला. "वडील माझे होते. कागद माझा." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्हीसुद्धा 'झालं असेल'च म्हणाला होतात. का?"

"सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून."

बाईंनी मान हलवली. त्यांनी माफ केलं की नाही, कुणालाच कळलं नाही. दुमडलेल्या कापडासकट गाडी घेऊन त्या निघून गेल्या. छत त्यांनी दुसरीकडून करून घेतलं, हे तिला नंतर कळलं आणि लागलं.

हे सगळं होत असताना मागच्या भागातलं शिलाई मशीन अखंड चालू होतं. ती परत आली तेव्हा नवरा एकाच तुकड्यावर शिवण मारत बसला होता. त्या तुकड्याची चाळण झाली होती.

"झालं समाधान?" त्यानं वर न बघता विचारलं.

"नाही. पत्रा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हातोडी घेऊन पत्र्याचा पहिला खिळा उपटला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "धाकट्याला देशोधडीला लावणार आहेस का?"

"तुम्ही मला बोळात लावलंत तेव्हा मी काही बोलले का?" ती म्हणाली आणि दुसरा खिळा काढला. सासूबाई त्या दिवसापासून तिच्याशी बोलत नाहीत. दोघी एका घरात राहतात. निरोप नवऱ्यामार्फत जातात. त्याला एवढी शिक्षा मिळायलाच हवी, असं तिचं मत आहे.

दिराला कुणी जा म्हटलं नाही. पण रस्त्यावर पोरं त्याला 'स्क्रू' म्हणायला लागली आणि महिन्याभरात तो नदीपलीकडच्या वस्तीत दुकान घेऊन गेला. शेडच्या पुढच्या भागावर तिनं पाटी लावली: 'सीट, छत आणि आतले न विझणारे दिवे'. काम भरपूर आहे. आता ती पिनांची गन बिनधास्त वापरते, फक्त दिव्याभोवती चार बोटं सोडून.

मागच्या उन्हाळ्यात जाऊबाई आली. दिराच्या गाडीचं छताचं कापड सुटून खाली आलंय, चालवताना डोक्याला लागतं, तेवढं करून द्या, वहिनी. जावेवर तिचा राग नव्हता. तिला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं.

"करून देते की. फक्त भाऊजींनी स्वतः गाडी आणायची. पुढच्या दारातून, आणि 'वहिनी, माझं छत शिवून द्या' एवढं म्हणायचं."

"ते नाही येणार हो."

"मग नाही येणार."

जाऊबाई गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "माझा भाऊ आहे तो. मी जाऊन चिकटवून येऊ का?"

"हात लावलात तर बघा," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती फोम घेऊन येत होती तेव्हा चौकातल्या सिग्नलला दिराची गाडी उभी दिसली. कापड त्याच्या डोक्यावर उतरलं होतं. एक हात स्टिअरिंगवर होता, दुसऱ्यानं त्यानं ते वर धरलं होतं, आणि मान वाकडी करून तो समोर बघत होता. त्यानं तिला पाहिलं. तिनं खांद्यावरचा फोमचा गठ्ठा खाली ठेवला, सिग्नल हिरवा होऊन मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागेपर्यंत तिथंच उभी राहिली आणि पोटभर बघून घेतलं.